स्टार्टर मंडलातील सदोष जोडण्या

मोटारीच्या एंजिनाला पहिली फिरकी देणाऱ्या विद्युत् मंडलातील सैल, गंजलेल्या किंवा तुटत आलेल्या जोडण्या. ‘सेल्फ लागत नाही’ या तक्रारीमागे बॅटरी आणि स्टार्टर निर्दोष असूनही दोष अनेकदा जोडणीतच असतो. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत बसला. त्याने हँडल फिरवण्याचे जोखमीचे काम संपवले, पण मोटारीतील सर्वांत मोठा प्रवाह याच मंडलात आणला.

पेट्रोल गाडीचा स्टार्टर साधारण १५० अँपिअर ओढतो, डिझेल गाडीचा त्याहून जास्त. सांध्यात ०.०१ ओहम रोध वाढला, तर १५० अँपिअरला तिथे १.५ व्होल्ट खर्ची पडतात आणि सांधा तापतो. हेडलाइटचा दिवा जेमतेम ५ अँपिअर घेतो; त्याला तोच रोध जाणवतही नाही. म्हणून दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि चावी फिरवली की नुसती ‘टक्’. तारेचा एक धागा शाबूत असला तरी मल्टीमीटरची कंटिन्युइटी चाचणी जोडणी ठीक असल्याचे दाखवते. इथे तिच्यावर विसंबू नये.

भरवशाची चाचणी भाराखालील व्होल्टपाताची. आधी बॅटरी तपासावी: स्थिर स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली नाही. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, एंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधनपंपाचा फ्यूज काढावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरे स्टार्टरच्या मुख्य बोल्टवर धरून सेल्फ मारावा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते सोलेनॉइड (स्टार्टरचा विद्युत्चुंबकी स्विच) असे टप्पे मोजावेत. पात जिथे दिसेल तिथेच दोष.

ऋण बाजूकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. ऋण खुंटी आणि एंजिनाचा उघडा धातू यांमध्ये ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक पात म्हणजे एंजिनाला बॅटरीच्या ऋण बाजूशी जोडणारी अर्थची पट्टी खराब. ती तुटली तर प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो व केबल जळू शकते. कोकणाच्या खाऱ्या दमट हवेत ही पट्टी लवकर गंजते.

‘टक्’ही ऐकू आली नाही, तर चावीचा स्विच, रिले, क्लच किंवा न्यूट्रल स्विच आणि सोलेनॉइडची बारीक तार पाहावी.

खुंटीवरचा पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, क्लॅम्प पान्याने घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. सोडताना ऋण टोक आधी, जोडताना शेवटी. ही मोजणी झाल्याखेरीज नवी बॅटरी किंवा स्टार्टर विकत घेऊ नये.