गाडी आली, माणसे परतली का?

गणपती जवळ आले की आपल्या मंडळात एक विषय हमखास निघतो. निवृत्तीनंतर गावी जायचे की इथेच राहायचे? अलीकडे त्याला एक फाटा फुटला आहे. निवृत्तीपर्यंत थांबायचे कशाला, मुले लहान असतानाच गावी गेले तर? वर्गणीच्या हिशेबापेक्षा यावर जास्त वेळ जातो. मी रुळांचा माणूस, आजोळ संगमेश्वर तालुक्यातले. म्हणून कोकणचा या बाबतीतला अनुभव मांडतो.

कोकणात संसार पूर्वापार दोन ठिकाणी. बाप्या माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. बायको, म्हातारे आणि पोरे गावी. मुले वाढवायला परत जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मुले गावातून हललेलीच नसत. बाप तेवढा गणपतीला आणि शिमग्याला दिसे. घर मनिऑर्डरीवर चाले. शेती, गुरे, आजारपण, शाळा हे सगळे बायकांच्या अंगावर. २००१ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. बाकी देशात मुलींची संख्या घटते म्हणून चिंता चालू असताना हा आकडा ऐकायला बरा वाटतो. पण त्याचा अर्थ एवढाच की पुरुष घरी नव्हते.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. अनेकजण गावी आले, कोकणात आले, घाटावर गेले. हाताला काम नाही म्हणून झालेले ते परतणे. पोटापुरती भातशेती, वर तिचे भाऊभाऊ वाटे पडलेले. त्यावर मुले शिकवायची कशी? पुष्कळांनी पुन्हा मुंबईची वाट धरली.

१९९० साली मात्र दोन गोष्टी एकदम घडल्या. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहू लागल्या. त्याच वर्षी जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. मधू दंडवते तेव्हा अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि महामंडळाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने किती दमवले, ते आमच्या खात्यातली जुनी माणसे अजून सांगतात. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण झाला. (यावर मी पानेच्या पाने लिहीन, पण संपादक कापतील.)

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरातल्यांना महामंडळाने नोकरीत प्राधान्य दिले. माझ्या मते कोकणात खरे परतणे घडले ते इथे. ट्रॅकमन, पॉइंट्समन, स्टेशनवरचा कर्मचारी घरी राहून ड्यूटी करू लागला आणि त्याची मुले बापाच्या देखत वाढली. पण अशा नोकऱ्या किती असणार?

आता आकडे पाहा. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ ला १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. म्हणजे गाडी सुरू झाल्यानंतरच्या दहा वर्षांत दोन्ही जिल्हे आटले. गाडीने गणपतीला येणे सोपे केले, तसे गाव सोडणेही सोपे केले. रूळ दोन्ही दिशांना जातात.

शाळा वाईट म्हणून माणसे गेली म्हणावे, तर तेही खरे नाही. २०१२ पासून कोकणाचे स्वतंत्र विभागीय मंडळ आहे आणि दहावीच्या निकालात ते राज्यात सातत्याने पहिले. अडते ते दहावीनंतर आणि दुखण्याखुपण्याला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सिंधुदुर्गात सुरू झाले २०२१ ला आणि रत्नागिरीत २०२३ ला. गाडी आल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी! आंब्याचा पैसाही दोन-अडीच महिन्यांचा, तो पावसावर आणि फवारणीवर. बारमाही पगाराची जागा तो क्वचितच घेतो.

म्हणून आपल्यापैकी ज्यांचा बेत चालू आहे त्यांना माझे सांगणे असे. बदली मिळत असेल, दोघांपैकी एकाला तिकडे शिक्षिकेची, नर्सची, बँकेची नोकरी असेल, तर खुशाल जा. मुलांना आजी-आजोबा मिळतील आणि मराठी आपोआप येईल. पण परवाच्या बैठकीत दोघा-तिघांनी जो तोडगा काढला, की बायको-मुलांना गावी ठेवायचे आणि आपण नोकरीपुरते इथे राहून सणावाराला जायचे, तो माझ्या आजीच्या वेळचाच आहे. तिला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. त्या बैठकीतही वहिनीमंडळी आत मोदकांची उकड काढत होती.