शिबिराचा कागद कुणासाठी लिहिला होता?

एखाद्या धार्मिक शिबिराचा इतिहास लिहायचा ठरवलंत, तर पहिल्या आठवड्यात तुमच्या हाती काय लागेल? वेळापत्रक, मुलांची यादी, पायऱ्यांवर काढलेला सगळ्यांचा फोटो, जमाखर्च, आणि ‘शिबिर उत्साहात पार पडले’ असं सांगणारं वार्तापत्र. यातलं काही खोटं नसतं. पण प्रत्येक कागद कुणीतरी कुणासाठी तरी लिहिलेला असतो, आणि प्रबंधाच्या घाईत आपण नेमकं तेवढंच विसरतो. म्हणून आज इंग्लंडमधलं एक उदाहरण घेऊ.

एरिक नॅश हे अँग्लिकन धर्मगुरू १९३२ मध्ये स्क्रिप्चर युनियन या संस्थेत रुजू झाले. ते सुट्टीत मुलांची ख्रिस्ती शिबिरं घेत. पुढे ही शिबिरं डॉर्सेट परगण्यातल्या युअर्न मिन्स्टर गावच्या एका शाळेत भरू लागली आणि ‘युअर्न शिबिरं’ म्हणून ओळखली गेली. (स्पेलिंग वाचून उच्चार करू नका, मीही फसलो होतो.) प्रवेश कुणाला? नामांकित पब्लिक स्कूलमधल्या मुलांना. पब्लिक स्कूल म्हणजे आपली झेडपीची शाळा नव्हे. तिकडे तो शब्द जुन्या, महागड्या खाजगी शाळांसाठी वापरतात. नॅश यांचा हिशोब सरळ होता: उद्या देश चालवणारी मुलं आज गाठायची.

व्यवस्था लष्करी थाटाची. स्वयंसेवकांना ‘ऑफिसर’ म्हणत, प्रमुखाला ‘कमांडंट’. दिवसभर खेळ, प्रार्थना, छोटं सोपं प्रवचन. पण खरं काम वेळापत्रकाबाहेर चाले. एक मोठा माणूस एका मुलाशी एकट्यानं बोले, आणि शिबिर संपल्यावरही तो धागा सुटत नसे. जॉन स्टॉट हे पुढे जगभर गाजलेले धर्मोपदेशक १९३८ मध्ये रग्बी शाळेत असताना नॅश यांच्या प्रभावाखाली आले. त्यानंतर कित्येक वर्षं नॅश त्यांना नियमित पत्रं लिहीत राहिले. स्टॉटना त्या पत्रांनी घडवलं, यात शंका नाही. मात्र जिथे तिसऱ्या कुणाचं लक्ष नसतं, असाच हा संबंध होता, हेही ध्यानात ठेवा.

१९७४ ते १९८१ या काळात या शिबिरांना पैसा पुरवणाऱ्या युअर्न ट्रस्टचे अध्यक्ष होते बॅरिस्टर जॉन स्माइथ. शिबिरांतून आणि जवळच्या विंचेस्टर कॉलेजातून ओळख झालेल्या मुलांना, तरुणांना ते घरी बोलावत आणि ‘पापाचं प्रायश्चित्त’ म्हणून बागेतल्या शेडमध्ये वेताच्या छडीनं रक्त येईपर्यंत मारत. हे घडलं शिबिराच्या आवाराबाहेर. म्हणजे शिबिराची सगळी दफ्तरं चाळून काढलीत तरी तुम्हाला याचा पत्ता लागला नसता.

पण कागद होता! १९८२ मध्ये मार्क रस्टन या धर्मगुरूंनी पीडितांशी बोलून अहवाल लिहिला. हे कृत्य कायद्यानं गुन्हा ठरतं, हेही त्यात नमूद होतं. तो मोजक्या लोकांना वाचायला मिळाला. पोलिसांकडे गेला नाही. १९८४ मध्ये स्माइथ झिंबाब्वेला गेले आणि तिथेही त्यांनी मुलांची शिबिरं सुरू केली. डिसेंबर १९९२ मध्ये तिथल्या शिबिरात एक १६ वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. १९९३ मध्ये बुलावायोचे वकील डेव्हिड कोल्टार्ट यांनी त्या शिबिरांवर आणखी एक अहवाल लिहिला. इंग्लंडमध्ये लोकांसमोर हे सगळं आलं फेब्रुवारी २०१७ मध्ये, चॅनल ४ च्या बातमीतून. २०१८ मध्ये स्माइथ वारले, इंग्लंडमध्ये खटला न चालताच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेकिन अहवाल प्रसिद्ध झाला आणि काही दिवसांतच कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. तरुणपणी तेही युअर्न शिबिरांत काम करून आले होते.

आपल्याकडे मार्गदर्शक म्हणतात, ‘साधनं नाहीत, विषय बदल.’ मला हे पटत नाही. इथे साधन ३५ वर्षं अस्तित्वात होतं, फक्त ते कुणाच्या टेबलाच्या खणात राहावं हे काही माणसांनी ठरवलं होतं. म्हणून अहवाल हाती आला की मजकुराआधी त्याच्या प्रती कुणाकुणाला गेल्या ते बघा. कुणाला जायला हव्या होत्या आणि गेल्या नाहीत, तेही वहीत लिहून ठेवा. अशा विषयावर जिवंत माणसांच्या मुलाखती घेणार असाल, तर आधी विभागाच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या. ‘तुमचं नाव कुठेही येणार नाही’ हे पाळता येणार असेल तरच बोला.

मेकिन अहवाल सर्वांसाठी खुला आहे. कुणाला काय, केव्हा कळलं याचा त्यात वर्षावार माग काढलाय. सुरुवात तिथून करा. आणि एका बैठकीत वाचायला जाऊ नका, मला जमलं नाही.