भाड्याची संगणकशक्ती आणि खर्चनियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास (१९६१ ते २०१८)

प्रस्तावना :

स्वतःचे संगणक विकत न घेता दुसऱ्याच्या संगणकांची शक्ती व साठवण इंटरनेटद्वारे भाड्याने वापरणे म्हणजे क्लाऊड कॉम्प्युटिंग होय. या सेवेमुळे उद्योगांचा आरंभीचा भांडवली खर्च वाचला. परंतु दरमहा येणारे बिल ही नवी चिंता निर्माण झाली. सेवेचा वेग व विश्वासार्हता राखून हा खर्च कसा कमी करावा, हा प्रश्न नवा वाटत असला तरी त्याची मुळे १९६१ पर्यंत जातात. यंत्राचा रिकामा वेळ हाच या खर्चाचा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी :

त्या काळी संगणक अत्यंत महाग होते. एक मनुष्य विचार करीत बसला की यंत्रही थांबून राही. नोव्हेंबर १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बाटो यांनी टाइम-शेअरिंग पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटला गेल्याने रिकामा वेळ घटला. दूरध्वनीप्रमाणे संगणनही सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असा विचार त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी मांडला होता. पुढे लहान व वैयक्तिक संगणक स्वस्त झाल्याने ही कल्पना मागे पडली.

भाडेपद्धतीचा विकास :

२००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण व संगणन या दोन्ही सेवा भाड्याने देण्यास प्रारंभ केला. एका आभासी सर्व्हरचा आरंभीचा दर ताशी १० अमेरिकी सेंट होता. मात्र सुरू ठेवलेल्या सर्व्हरचे भाडे, त्यावर काम असो वा नसो, भरावेच लागे. २००९ मध्ये दोन नवे पर्याय आले. एक किंवा तीन वर्षांची हमी दिल्यास सवलत मिळू लागली. आणि कंपनीची शिल्लक क्षमता, ती केव्हाही परत घेतली जाईल या अटीवर, कमी दरात मिळू लागली. पहिला पर्याय सातत्याच्या कामास, तर दुसरा मध्येच थांबले तरी चालेल अशा कामास उपयुक्त ठरला.

दोन विरुद्ध वाटा :

२००८ मध्ये डेटाबेसमधील बिघाडामुळे नेटफ्लिक्सची डीव्हीडी पाठवणी तीन दिवस खंडित झाली. त्यानंतर कंपनीने क्लाऊडची वाट धरली व जानेवारी २०१६ मध्ये हे स्थलांतर पूर्ण केले. प्रेक्षकसंख्या प्रहरानुसार बदलते; म्हणून गर्दीच्या वेळेसाठी राखून ठेवलेले सर्व्हर मंदीच्या वेळी चित्रफितींच्या संस्करणासाठी वापरले गेले. चित्रफिती घरोघर पोहोचविण्यासाठी मात्र कंपनीने २०१२ मध्ये स्वतःची वितरणव्यवस्था जाहीर केली होती.

ड्रॉपबॉक्सची वाट उलट होती. ग्राहकांच्या फाइली ती ॲमेझॉनकडे ठेवीत असे. साठवण रात्रंदिवस भरलेलीच असते आणि वाढतच जाते. तिला रिकामा वेळ नसतो. म्हणून कंपनीने स्वतःची साठवणयंत्रणा उभारली व ऑक्टोबर २०१५ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक माहिती तेथे हलविली. २०१८ च्या भागविक्री-दस्तऐवजानुसार २०१६ व २०१७ या दोन वर्षांत मिळून ७.४६ कोटी डॉलरची बचत झाली. तथापि कंपनीकडे ५०० पेटाबाइटहून अधिक माहिती होती, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष :

दोन्ही कंपन्यांनी आपल्या कामाचे स्वरूप ओळखले. म्हणून वाटा भिन्न असूनही दोन्ही निर्णय योग्य ठरले. प्रथम तासागणिक वापर मोजावा, निरुपयोगी सर्व्हर बंद करावेत, स्थिर कामासाठी दीर्घ मुदतीचा करार करावा आणि थांबण्याजोगे काम शिल्लक क्षमतेवर सोपवावे, असा क्रम या इतिहासातून सुचतो. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचे डेटा सेंटर-क्षेत्र मुंबईत सुरू झाल्याने महाराष्ट्रातील उद्योजकांसाठीही हा प्रश्न जवळचा झाला आहे. लहान उद्योगाने ड्रॉपबॉक्सचे अनुकरण करून यंत्रे विकत घेण्याची घाई करू नये. त्याचप्रमाणे वापर न मोजता भाडे भरत राहणेही हिताचे नाही. मोजमापाविना केलेली काटकसर सेवेच्या मुळावर येते. मोजून केलेली काटकसर केवळ रिकाम्या वेळेचा खर्च वाचविते.