डिशचा दांडगा शेजारी
१९७६मध्ये कॅलिफोर्नियात प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी घरीच डिश उभारून उपग्रहवाहिनी पकडली. १९७९ साली अमेरिकेत अशा डिशसाठी परवाना ऐच्छिक झाला. मात्र विनापरवाना डिशला व्यत्ययापासून संरक्षण नव्हते. आणि व्यत्यय तर दाराशीच होता! उपग्रहांच्या ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ पट्ट्यात दूरध्वनीचे सूक्ष्मलहरी मनोरे १९५०च्या दशकापासून ठाण मांडून होते. छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला क्षीण संकेत त्यांच्यापुढे कसा टिकणार? पडद्यावर ठिपके उसळत. सुदैवाने हा शेजारी शिस्तीचा होता: त्याच्या वाहक लहरी उपग्रहवाहिनीच्या मध्यापासून नेमक्या १० मेगाहर्ट्झ बाजूला असत. म्हणून ग्राहकयंत्रात ७० मेगाहर्ट्झवर उतरवलेल्या संकेतातून ६० आणि ८० मेगाहर्ट्झ गाळले, की चित्र बरेच निवळे. मनोरा अगदीच जवळ असला, तर डिश घराच्या आडोशाला जमिनीलगत न्यावी लागे.