गाडी उभी राहते तेव्हा

परवा शनिवारी पनवेलच्या एका बॉडीवाल्याकडे गेलो होतो. आमच्या ग्रुपने वर्गणी काढून एक जुना ट्रक घेतलाय. धोदाणी-मालडुंगे बाजूच्या वाड्यांवर जायचं आणि तिथल्या लोकांबरोबर चित्रं काढायची, असा बेत. ड्रॉइंग मी केलं होतं (सॉफ्टवेअरवाल्याने ट्रक डिझाइन करायचा म्हणजे बघा!). आत बाकं, पंखे, रंगांची कपाटं. मिस्त्रींनी कागद उलटसुलट करून एवढंच विचारलं, "साहेब, गाडी चालणार किती आणि उभी राहणार किती?"

दीड तास चालणार, पाच तास उभी. मी गप्प.

मागच्या वर्षी मागून आणलेल्या बंद टेम्पोत हेच झालं होतं. पोरं टुणकन वर चढली, म्हाताऱ्या लांब झाडाखाली बसून राहिल्या. चार फूट उंच कोण चढणार?

घरी येऊन जुनं वाचत बसलो. पनवेल हे मुळात चाकांचं गाव. 1830 साली बोरघाटाचा रस्ता खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्या पनवेल बंदराकडे येऊ लागल्या. इंग्रजी गॅझेटियरात नोंद आहे की चाकं बनवणं हा इथला मुख्य धंदा, आणि देशावरचा गाडीवान परत जाताना चाकांची जोडी घेऊन जाई. पण हा झाला चालणाऱ्या गाडीचा इतिहास. मला उभी गाडी हवी होती.

ती सापडली जत्रेत! टुरिंग टॉकीजचा ट्रक. तंबू वाहून आणायचा तो ट्रकच, आणि तंबू उभा राहिला की प्रोजेक्टरची खोलीही तोच. हौद्यातल्या प्रोजेक्टरचा झोत थेट पडद्यावर. प्रेक्षक ट्रकमध्ये पाऊलही टाकत नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (2016) या माहितीपटात असे ट्रक आहेत, जरूर बघा.

याच्या उलट, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 साली फिरतं संग्रहालय सुरू केलं, त्याची बस वातानुकूलित. तिथे ते बरोबरच आहे, वस्तू काचेआड जपायच्या तर लोकांनी आत यायला हवं. आमच्याकडे जपायला आहे काय? खडू आणि पोस्टर कलर!

काल पुन्हा मिस्त्रींकडे गेलो. आता बाकं नाहीत, पंखे नाहीत. बाजूचा पत्रा मधोमध कापायचा. वरचा अर्धा वर उचलला की सावली. खालच्या फाळक्याला तळाशी बिजागरी, तो खाली सोडला की त्याची आतली बाजू बाहेर येऊन लोंबते, जमिनीपासून दीडेक फुटावर. तोच फळा. लहान पोराचा हात पोचतो, म्हातारीला घोंगडी टाकून बसल्या बसल्या रंगवता येतं. आणि निघताना फाळका बंद केला की चित्र आपोआप आत, धूळ नाही, पाऊस नाही. पुढच्या वाडीत फाळका उघडला की आधी मागच्या वाडीचं चित्र दिसणार.

ग्रुपमधल्या दोघांना हे पटलेलं नाही. "देणगीदारांना दाखवायला आत काहीतरी हवं ना," म्हणतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, गाडीत असा बदल करायचा तर आधी आरटीओची परवानगी.

सोमवारी अर्धी रजा टाकलीये. कागद घेऊन जातो.