शोकपदकाची कुळकथा

राजघराण्यातील मृत व्यक्तीचा मुखवटा आणि मृत्यूची तारीख कोरून पाडलेले पदक म्हणजे शोकपदक. चेहरा असलेल्या पदकाचे मूळ इटलीत सापडते. पिसानेल्लो या चित्रकाराने १४३८-३९च्या सुमारास बायझंटाईन सम्राट आठवा जॉन याचे ओतीव पदक घडवले आणि हातात धरून न्याहाळायच्या या लहान शिल्पाची गोडी युरोपला लागली.

इंग्लंडात या पदकाला शोकाचे बळ मिळाले ते १६४९ मध्ये. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर त्याच्या पक्षाच्या लोकांनी कडी लावलेली छोटी पदके गळ्यात घातली. राजसत्ताच मोडली होती, त्यामुळे ही निष्ठा जपून बाळगावी लागे. पुढे १६९४ मध्ये राणी दुसरी मेरी देवीच्या आजाराने गेली, तेव्हा हॉलंडमध्येही तिची पदके निघाली.

सामान्य माणसाच्या हाती मात्र शोकपदक खऱ्या अर्थाने आले ते राजकन्या शार्लटमुळे. राजा तिसऱ्या जॉर्जची ती तेव्हाची एकुलती एक औरस नात. ५ नोव्हेंबर १८१७ला, म्हणजे इकडे खडकीची लढाई पेटली त्याच दिवशी, तिला मृत मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीही गेली. वय अवघे एकवीस. देश इतका हळहळला की दुकानांतले काळे कापड संपले.

त्या शोकाला धातूत उतरवणे तेव्हा सोपे झाले होते. कारागीर मऊ पोलादात चेहरा उलटा आणि खोलगट कोरी, मग ठशाला पाणी देई. दोन ठशांमध्ये चकती ठेवून मळसूत्री दाबयंत्राने ठोका दिला की चेहरा उठे. तांब्याची किंवा चांदीची चकती मधूनमधून तापवून मऊ करावी लागे, ठोकेही अनेक लागत. कथिलाचा पांढरा मिश्रधातू नरम, त्यामुळे नक्षी चटकन घेई. तो स्वस्तही होता आणि नवा असताना चांदीसारखा चमके. शार्लटची पदके या तिन्ही प्रकारांत निघाली.

दर्शनी बाजूला तरुण राजकन्येचा मुखवटा आणि मागे रक्षाकलशाशी शोक करणारी ब्रिटानिया, अशी मांडणी यांतील काही पदकांवर दिसते. कथिली पदके लवकर काळवंडतात, घासून नाकाडोळ्यांच्या रेषा पुसट होतात. काहींना राजकन्येच्या डोक्यावर, कडेलगत, नंतर पाडलेले भोक असते. फीत ओवून ती अंगावर मिरवता यावीत यासाठी ते पाडलेले असे.