टॅब आणि बिनशिक्षकाचे तास

नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात मळ्यांवर जिल्हा परिषदेच्या ज्या छोट्या शाळा आहेत, त्यांच्यासारखीच एक शाळा नमुन्यादाखल समोर ठेवू. पहिली ते चौथीचे वर्ग, पटावर चाळीसेक मुले, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पट साठच्या आत असला की शिक्षणहक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे दोनच शिक्षक मिळतात. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन झाले पाहिजे, असे तोच कायदा सांगतो. आता हिशेब मांडा. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतील, तर एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षक प्रत्यक्ष येतो तो 400 तासच, तेही तो वर्षभर एकदाही वर्गाबाहेर गेला नाही असे धरून. उरलेल्या 400 तासांत ती मुले 'पाढे लिहा', 'धडा पाहून लिहा' या आज्ञेवर बसलेली असतात.

शाळेत टॅब आणण्याच्या चर्चेत या दुसऱ्या 400 तासांचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे. चर्चा होते ती किती टॅब, कोणत्या कंपनीचे, वर्गणी किती आणि उद्घाटनाला कोण येणार याची. माझे म्हणणे असे की टॅबचा गुणदोष टॅबमध्ये फारसा नसतो. शाळेच्या दिवसातली कोणती मिनिटे तो घेतो, यावर बरेचसे ठरते. शिक्षक शिकवत असतानाची मिनिटे त्याने घेतली तर तोटा, आणि शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे असतानाची घेतली तर फायदा होण्याची शक्यता. हे नुसते तर्काने म्हणत नाही.

गुजरातमध्ये ग्यानशाला या संस्थेच्या शाळांत अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी दुसरी-तिसरीच्या मुलांवर एक प्रयोग तपासला. गणिताचे सॉफ्टवेअर तेच आणि मुलेही त्याच थरातली. काही शाळांत संगणकाचा तास शाळेच्या वेळेतच, म्हणजे शिक्षकाच्या तासाच्या जागी बसवला. काही शाळांत तो शाळेच्या वेळेबाहेर जादा दिला. पहिल्या प्रकारात मुलांचे गुण 0.57 प्रमाण विचलनाने घसरले, दुसऱ्यात 0.28 ने वाढले. शैक्षणिक प्रयोगांत 0.2 चा फरकही दखल घेण्याजोगा मानतात, त्यामुळे हे आकडे लहान नाहीत. ग्यानशालाची शिकवण्याची पद्धत मुळातच बरी होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. चांगले चाललेले शिकवणे थांबवून मुलांना संगणकापुढे बसवले, म्हणून घसरण झाली. वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास 'डिजिटल तास' म्हणून कोरून काढणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने हा निष्कर्ष वाचायला हवा.

यंत्र मुलांच्या हाती देऊन मोकळे व्हायचे, या दुसऱ्या टोकाची परीक्षा आपल्याच राज्यात झाली आहे. 'दर मुलाला एक लॅपटॉप' या निकोलस नेग्रोपोंटे यांच्या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या धनगरवाड्यावर झाला. एकशिक्षकी शाळा, वीसेक मुले, आणि प्रत्येकाच्या मांडीवर हिरवा-पांढरा लॅपटॉप. मुले आनंदाने शाळेत आली यात नवल नव्हते. पण तशी मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली ती पेरूने, आणि तिथल्या 319 ग्रामीण शाळांची पाहणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. संगणकांची संख्या दर मुलामागे 0.12 वरून 1.18 वर गेली होती; गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही. तर्कबुद्धीच्या काही कसोट्यांत थोडी वाढ दिसली, तीही नोंदवली पाहिजे. यंत्रे पोचली होती. त्यांच्यावर काय करायचे, कोणत्या वेळी आणि कोणाच्या पातळीवर, हे मात्र कोणी ठरवले नव्हते.

पातळीचा मुद्दा जरा सावकाश पाहू. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकप्रणालीचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी केला. सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. वर्गात शिक्षक सहावीचे पुस्तक पुढे नेत होता, मुले तिसरी-चौथीत अडकलेली. प्रणाली प्रत्येक मुलाची पातळी आधी तपासे आणि तिथून प्रश्न देई. रोज दीड तासाच्या सत्रात अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकाबरोबर. साडेचार महिन्यांत गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलन इतकी वाढ झाली. ही सत्रे शाळा सुटल्यानंतरची होती, म्हणजे शिक्षकाचा कोणताही तास त्यांनी खाल्ला नाही. उलट गटशिक्षकाची जोड त्यांना होती, त्यामुळे सारे श्रेय संगणकाला देता येत नाही.

आता आपल्या नमुन्याच्या शाळेत परत येऊ. शिक्षक तिसरीला शिकवत असताना त्याच खोलीतली चौथी मोकळी आहे. तिथे चार टॅब ठेवले आणि मुले तिघातिघांनी बसवली, तर बारा मुलांचे काम सुरू होते. दर मुलामागे एक यंत्र नको, असे मी पैशासाठी म्हणत नाही. तीन मुले एका पडद्यापुढे बसली की 'हातचा कुठे गेला?' हा प्रश्न एकमेकांना विचारतात, आणि शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे असताना तेवढेच बोलणे शिकण्याचे असते. मात्र गटात एक धीट मूल टॅब ओढून घेते आणि कडेला बसलेली मुलगी पूर्ण वेळ नुसती पाहत राहते. दर प्रश्नाला बोट बदलायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. तो पाळला जातो की नाही हे बघायला चौथीतलाच एक गटप्रमुख पुरतो. शिक्षकाने दिवसअखेर पाहायचे ते एवढेच: कोणता गट कोणत्या प्रश्नावर अडला. दुसऱ्या दिवशीची त्याची पहिली दहा मिनिटे त्या प्रश्नासाठी.

यात इंटरनेट लागत नाही. मजकूर यंत्रात भरलेला असला की झाले, आणि मळ्यावर रेंज येण्याची वाट बघत बसावे लागत नाही. वीज लागते, पण किती? दहा इंची टॅबची बॅटरी साधारण 7000 मिलिअँपिअर-तासाची, म्हणजे सत्तावीस वॅट-तासांच्या आसपास. चार टॅब रिकामे होऊन पूर्ण भरले तरी चार्जरमधला अपव्यय धरून दिवसाला एक अष्टमांश युनिट. महिन्याचे तीन युनिट. बिल ही अडचण नव्हे. अडचण आहे वीज कधी येते आणि मीटर जोडलेला आहे का, ही. शाळेला समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त अनुदान तीसपर्यंत पटाला वर्षाला 10,000 रुपये आणि शंभरपर्यंत पटाला 25,000 रुपये. त्यातच खडू, रजिस्टर, डागडुजी आणि वीजबिल. थकबाकीमुळे मीटर काढून नेलेल्या शाळा राज्यात कमी नाहीत. शेतीच्या फीडरवरच्या वस्तीत तर वीज पाळीपाळीने येते, आणि रात्रपाळी असली की शाळेच्या वेळात अंधार. तेव्हा टॅबच्या यादीत पहिली वस्तू छोटे सौर पॅनेल आणि बॅटरी असावी, फुटलेल्या काचेचे पैसे दुसरे, टॅब तिसरे. लोकवर्गणी मात्र नेहमी याच्या उलट क्रमाने जमते, कारण पॅनेलवर नाव घातले तरी ते छपरावर कोणाला दिसत नाही.

स्वस्त यंत्र हाच सगळ्यावर उपाय, असे मानण्याचा एक काळ आपण पाहिला. 5 ऑक्टोबर 2011 रोजी 'आकाश' टॅब्लेट दिल्लीत वाजतगाजत जाहीर झाला, किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होता, आणि संथपणामुळे लवकरच विस्मरणात गेला. मुंबई महापालिकेने 2015 मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना पुस्तके भरलेले टॅब दिले, ते दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून. हेतू चांगला होता. पण 2018 मध्ये आठवीची पाठ्यपुस्तकेच बदलली, आणि पुस्तके पोटात घेऊन बसलेल्या यंत्राला अशा वेळी नव्याने भरावे लागते. ओझ्याचा प्रश्न सोडवायला पुढे बालभारतीने 2023-24 मध्ये कागदाचीच वाट धरली: पुस्तके चार भागांत, मध्ये वहीची कोरी पाने. तोही निर्णय 2025 मध्ये मागे घेतला गेला. दप्तर हलके करणे हे टॅब घेण्याचे कारण म्हणून मला कधीच पटलेले नाही.

ज्यांनी काही साधले, त्यांनी काय केले? ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यावर संदीप गुंड या शिक्षकाने शाळा डिजिटल केली, आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडला. डिसले यांची कल्पना मला अधिक महत्त्वाची वाटते. तिने नवे यंत्र मागितले नाही. घरात असलेला फोन आणि हातात असलेले पुस्तक यांची गाठ घातली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड छापले जाऊ लागले, आणि 3 डिसेंबर 2020 रोजी डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे.

पण घरातला तो फोन दिवसा कुठे असतो? देवळ्याच्या भागात याचे उत्तर हंगामावर आहे. उन्हाळ कांदा निघाला की फोन वडिलांच्या खिशात, ट्रॅक्टरबरोबर उमराण्याच्या बाजार समितीत. कोरोनाच्या काळात 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' म्हणताना हेच अडले. 2020 च्या 'असर' पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे 62 टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. मूल मोकळे असते तेव्हा तो त्याच्या हाती असतो, असे त्यावरून म्हणता येत नाही. त्या वर्षी सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका मळ्यांतल्या मुलांना अधिक सोयीची होती, कारण दूरदर्शन संच बाजार समितीत जात नाही. 2023 च्या 'असर'मध्ये 14 ते 18 वयोगटातल्या, फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे 44 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे 20 टक्क्यांकडे. शाळेच्या मालकीचा, शाळेतच राहणारा टॅब हवा, याला माझ्या लेखी हा सगळ्यात भक्कम आधार आहे.

भाषेची बाजू यंत्र विकणाऱ्यांच्या नजरेत येत नाही. तालुक्यातल्या कित्येक घरांत अहिराणी बोलली जाते, आणि आदिवासी वस्त्यांत आणखी वेगळ्या बोली. आता मुलाचे वाचन ऐकून चूक दाखवणारी ॲप मराठीतही आली आहेत. पुस्तकात 'केळी' लिहिले आहे आणि मूल 'केयी' वाचते. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. मुलाने अक्षर ओळखले, शब्द ओळखला, अर्थही लागला. फक्त तो घरच्या उच्चाराने बाहेर पडला. गावची बोली जाणणाऱ्या बाई हे क्षणात ओळखतात. यंत्राने ती चूक ठरवली आणि तोच शब्द पाच वेळा वाचायला लावला, तर मुलाला आपल्याला वाचता येत नाही असे वाटू लागते. म्हणून अशा ॲपचे गुण पटावर चढवू नयेत. उलट टॅबचा ध्वनिमुद्रक हा त्यातला सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे: आजीची गोष्ट अहिराणीत मुद्रित करायची, आणि गटाने ती ऐकून प्रमाण मराठीत लिहायची. मोकळ्या इयत्तेचा अर्धा तास सत्कारणी लागतो, आणि कोणतेही विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. शाळेत मोबाइल तंत्रज्ञान येऊन बरीच वर्षे झाली. ते आले शिक्षकाच्या फोनमधून, आणि मुलांसाठी नव्हे. सरल, यू-डायस या प्रणालींत भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, प्रशिक्षणाच्या लिंक, उपक्रमाचे फोटो. 2023 च्या अखेरीस हजेरीही चॅटबॉटवर भरायला सांगितली गेली आणि शिक्षक संघटनांनी विरोध केला. फोन शिक्षकाचा, रिचार्ज शिक्षकाचा, मिनिटे मात्र मुलांच्या 400 तासांतली. यातली निम्मी माहिती एकदाच मागवली, तरी कोणताही टॅब न घेता देवळ्यातल्या प्रत्येक दोनशिक्षकी शाळेला अध्यापनाचे तास वाढवून मिळतील.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना एक विनंती. पुढच्या सभेत टॅबचा ठराव येईल तेव्हा यंत्रांच्या संख्येआधी तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: कोणत्या इयत्तेचा कितवा तास, त्या वेळी शिक्षक कोणत्या इयत्तेकडे, आणि तिसऱ्या वर्षी दुरुस्तीचे पैसे कोण देणार. हे तीन रकाने भरता आले नाहीत, तर ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवा.